राज्यघटना आहे, पण सत्तेची चावी कुणाकडे?

'राजाने लेखी राज्यघटना दिली की काम झालं, त्याच्या सत्तेला लगाम बसला' असं एक मत आहे. मला ते पटलं नाही. कुवेत बघा. १९६२ ची घटना, संसदेत ५० निवडून आलेले सदस्य, मंत्र्यांना उभं करून जाब विचारायचा हक्क. २००६ मध्ये तर आजारी अमीर (म्हणजे तिथला राजा) शेख साद यांना संसदेनेच मतदान करून पायउतार केलं. अरबस्तानात हे म्हणजे आक्रीतच! पण पंतप्रधान कायम अमीराच्या साबाह घराण्यातलाच. अमीराने संसद १९७६ मध्ये गुंडाळली, १९८६ मध्ये पुन्हा गुंडाळली, आणि मे २०२४ मध्ये चार वर्षांपर्यंत स्थगित. तेलाचा पैसा सरकारच्या हातात, जनतेला आयकर नाही. मग अमीर संसदेपुढे हात कशाला पसरेल? इंग्लंडच्या राजाला करासाठी संसदेपुढे हात पसरावे लागले, तिथेच संसदेच्या सत्तेची गाडी पुढे सरकली.