मदत हवी आहे: मुलीच्या थेरपीसाठी पैसे कसे उभे करावेत? (अंबाजोगाई)

मुलगी साडेचार वर्षांची, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळं हालचालींवर नीट ताबा राहत नाही) आहे. आठवड्यातून तीनदा लातूरला फिजिओ आणि स्पीच थेरपी. एसटीचं भाडं धरून महिन्याला १४,००० जातात. गेल्या महिन्यापासून चमचा स्वतः धरते, वरणभात सांडत का होईना तोंडापर्यंत नेते. आता खंड पडू द्यायचा नाही.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे. निरामय या दिव्यांगांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यातही (वर्षाला १ लाखापर्यंत) नाव घातलंय. दोन ट्रस्टांनी ‘फक्त ऑपरेशनला देतो’ असं कळवलं. सोयाबीनचे पैसे संपले, सावकाराकडं जायचं नाही. तिचा फोटो टाकून पैसे मागायला मन धजत नाही.

दरमहाच्या थेरपीला मदत करणारी संस्था कुणाच्या माहितीत आहे का? आणि निरामयच्या क्लेमला खाजगी थेरपिस्टचं बिल चालतं का, की सोबत डॉक्टरांची चिठ्ठीही लागते?