जुने आवाज, नवे कान : तुमचे अनुभव लिहा

आज मोठ्या स्ट्रीमिंग अ‍ॅपवर दहा कोटींहून जास्त गाणी आहेत. इतकं सगळं हाताशी असताना माणसं १९६०-७०-८०च्या आवाजांकडे का वळतात, हे मला तुमच्याकडून ऐकायचंय. अमेरिकेत ऐकल्या जाणाऱ्या संगीतापैकी ७० टक्क्यांहून जास्त संगीत 'कॅटलॉग' म्हणजे जुनं असतं, असं हल्ली सारखं वाचनात येतं. पण त्या मोजणीत १८ महिन्यांपूर्वीचं गाणंसुद्धा जुनं धरतात, त्यामुळे माझ्या प्रश्नाला तो आकडा पुरत नाही. मला विचारायचंय ते असं : तुमच्या जन्माआधी ज्यांचा बहर ओसरला होता, असे कलाकार तुमच्यापर्यंत कसे पोचले? आणि पोचल्यावर टिकले का? पोचणं वेगळं आणि टिकणं वेगळं, असं माझं ठाम मत आहे. 'आमच्या वेळचं संगीत' हा वाद कृपया नको.

सुरुवात मीच करतो. ब्रिटिश गायिका केट बुश मला २०२२ साली कळली, तीही 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेमुळे. 'रनिंग अप दॅट हिल' हे गाणं १९८५चं. तेव्हा ते ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं, २०२२च्या जूनमध्ये पहिलं आलं. तिथल्या चार्टच्या, म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवारीच्या, नियमानुसार जुन्या गाण्याचं स्ट्रीमिंग नव्याच्या निम्म्या वजनाने मोजलं जातं. या गाण्यासाठी तो नियम बाजूला ठेवावा लागला. हे झालं पोचणं. मालिका संपल्यावर मी 'हाउंड्स ऑफ लव्ह' हा अख्खा अल्बम लावला. त्याची दुसरी बाजू म्हणजे रात्री समुद्रात एकटीच तरंगत राहिलेल्या बाईची सलग कथा आहे. झोप, भास, हाका, मग पहाट. मालिकेने मला त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं. आता मालिकेतले प्रसंग पुसट झालेत, पण तो अल्बम मी नेमाने ऐकतो.

कॉलेजात शिकणारी एक श्रोती

माझा रस्ता उलटा आहे. ब्रिटनी स्पिअर्सचं 'टॉक्सिक' मला फार आवडायचं, त्यातला तो चिरत जाणारा व्हायोलिनचा तुकडा तर विशेष. तो आला कुठून हे शोधलं, तर 'एक दूजे के लिए'मधलं 'तेरे मेरे बीच में' निघालं. १९८१चं, लताबाई आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचं. लताबाई घरात सगळ्यांना माहीत होत्या, पण माझ्यासाठी त्या 'आजीच्या' होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना माझ्या इयरफोनवर ऐकलं. मग एकामागून एक गाणी लावत मी मदनमोहनपर्यंत गेले आणि तिथेच मुक्काम पडला. कुणी 'ऐक, हे चांगलं आहे' असं सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. स्वतः शोधलं म्हणून ते माझं झालं.

ध्वनिमुद्रणाचं काम करणारा एक जण

याला एक तांत्रिक बाजू आहे आणि ती फारशी बोलली जात नाही. १९९०नंतर सीडीवर आपलं गाणं शेजारच्यापेक्षा मोठ्याने वाजावं म्हणून आवाज दाबून दाबून वर चढवायची स्पर्धा लागली. लिमिटर लावून हळू आवाज वर घ्यायचा, मोठ्याचं टोक छाटायचं. स्क्रीनवर बघितलं तर १९७०च्या दशकातल्या रेकॉर्डिंगची लहर वरखाली होताना दिसते : ड्रमचा प्रत्येक ठोका वेगळा उभा, मधे मोकळी जागा. त्याच गाण्याचं दोन हजारनंतरचं एखादं रीमास्टर, म्हणजे मूळ टेपवरून नव्याने तयार केलेली आवृत्ती, लावलं, तर सलग जाड पट्टा दिसतो.

आता गंमत बघा. बहुतेक अ‍ॅप सगळी गाणी साधारण एका पातळीला आणून वाजवतात. म्हणजे मोठ्याने वाजण्याचा फायदा गेला. दाबलेलं गाणं पातळीला आणलं की मरगळतं. ज्यात चढउतार राखलेत, ते श्वास घेतं. फ्लीटवुड मॅक या बँडचं 'ड्रीम्स' हेडफोनवर ऐका. बेस जवळपास पूर्ण गाणंभर दोन सुरांवर चाललाय, ड्रम अगदी साधा, आणि गायिका स्टीव्ही निक्सच्या आवाजाला ऐसपैस जागा आहे. १९७७चा तो अल्बम, 'रूमर्स'. २०२० साली एका माणसाने स्केटबोर्डवरून जाताना, ज्यूस पीत, या गाण्यावर व्हिडिओ केला आणि अल्बम पुन्हा अमेरिकेच्या पहिल्या दहात आला. फोनच्या एवढ्याशा स्पीकरवरसुद्धा ते गाणं उठून येतं, याला मिक्सिंग कारणीभूत आहे असं मी छातीठोकपणे सांगतो. सगळं श्रेय स्केटबोर्डला देऊ नका.

गाणं शिकवणारी

वरच्या प्रतिसादाला माझी पुष्टी. माझ्याकडे येणारी मुलं नवीन गाणी आवडीने ऐकतात, पण बसवायला रफी, लता, आशा घेऊन येतात. पन्नास-साठच्या दशकात गायक आणि वाद्यवृंद एकत्र मुद्रित व्हायचे, सूर नंतर दुरुस्त करायची सोय नव्हती. त्यामुळे गायकाने श्वास कुठे चोरला, शब्दाचं शेवटचं अक्षर कसं सोडलं, हे सगळं कानाला सापडतं. परवा एक मुलगी रफीसाहेबांची एकच ओळ पुन्हा पुन्हा लावत होती. विचारलं तर म्हणाली, "बाई, ते श्वास घेतात कुठे तेच कळत नाहीये." ज्यातून शिकता येतं ते गाणं पुढच्या पिढीच्या गळ्यात जातं, आणि गळ्यातलं गाणं कुठल्याही यादीबाहेर पडत नाही.

लहान मुलाचा बाबा

माझा मुलगा बोलायला लागला त्याच्या आधी 'वी विल रॉक यू'वर पाय आपटायला लागला. दोन पाय, एक टाळी. क्वीन या बँडने १९७७ साली ते गाणं ड्रमसेटशिवाय, पाय आणि टाळ्यांवरच उभं केलं. श्रोत्यालाही सामील होता यावं, हा त्यांचे गिटारवादक ब्रायन मे यांचा हेतू होता. आमच्या घरी तरी तो सफल झालाय.

हिप-हॉप ऐकणारा

न पोचलेल्यांबद्दलही लिहायला हवं. डे ला सोल या हिप-हॉप गटाचा पहिला अल्बम १९८९चा, आणि हिप-हॉपमध्ये त्याचं नाव किती मोठं! पण त्यात इतरांच्या गाण्यांचे इतके तुकडे वापरलेत की हक्कांचा गुंता वर्षानुवर्षं सुटला नाही. त्यांची सुरुवातीची गाणी स्ट्रीमिंगवर आली ती थेट मार्च २०२३मध्ये. त्यांच्यातला डेव्ह त्याच्या थोडं आधी, फेब्रुवारीत गेला. मला ते आजही लागतं. मधल्या काळात जी मुलं मोठी झाली, त्यांना हे गाव नकाशावरच दिसलं नाही. म्हणून 'दर्जा असेल तर टिकतंच' हे मला पटत नाही. दर्जा हवाच, पण गाणं हाताला लागलं तर पाहिजे.

थोडं वेगळं मत

हिप-हॉपवाल्यांशी शंभर टक्के सहमत, आणि एक पाऊल पुढे जातो. कॅटलॉग आता मोठी मालमत्ता आहे. बॉब डिलन यांनी २०२० साली आपल्या गाण्यांचे हक्क युनिव्हर्सलला विकले, ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी २०२१ साली सोनीला. एवढे पैसे मोजणारा स्वस्थ बसेल का? मालिकेत गाणं बसव, नवं मिक्स काढ, माहितीपट कर, हे चालूच राहतं. बीटल्सचं 'नाऊ अँड देन' २०२३ साली आलं ते लेननच्या जुन्या कॅसेटवरून. पियानोखाली दबलेला आवाज १९९०च्या दशकात वेगळा काढता आला नव्हता, तो संगणकाने काढला आणि गाणं ब्रिटनमध्ये पहिलं आलं. ऐकून मी हेलावलो, हे खरंच आहे. पण त्याच काळातल्या ज्यांच्या मागे असं कुणी उभं नाही, त्यांच्या टेप कुठे असतील, हेही तेव्हाच मनात आलं.

म्हणून धागाकर्त्यांना विनंती : पुढचे प्रतिसाद लिहिणाऱ्यांनी कृपया एक तरी असं नाव द्यावं जे कुठल्याही शिफारशीत येत नाही. माझ्याकडून इथिओपियाचे मुलातू अस्तात्के. त्यांचं १९७०च्या आसपासचं व्हायब्राफोनवादन (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य) आधी ऐका, मग बोलू.

धागाकर्ता

मान्य. अस्तात्के आत्ताच लावलेत. पुढच्यांनी नावं द्या.