मदत हवी आहे: केप भरपूर, तरी वळीव हुकतो. नेमकं काय बघायचं?

नमस्कार मंडळी. उन्हाळ्यातल्या गडगडाटी पावसाचा अंदाज स्वतः बांधायचा नाद लागलाय, पण गणित काही जमत नाही. परवा जीएफएसवर (अमेरिकेचं जागतिक हवामान मॉडेल) केप, म्हणजे वर चढणाऱ्या हवेला मिळू शकणाऱ्या ऊर्जेचा आकडा, ३००० जूल प्रति किलोच्या वर दिसत होता आणि पाऊस दुपारी एकपासूनच दाखवला होता. प्रत्यक्षात ढग चढायचे, थोडे वर गेले की माथे विरायचे, आणि संध्याकाळी आभाळ स्वच्छ. काल केप जेमतेम १२००, मॉडेलात पावसाचा पत्ता नाही, आणि रात्री आठला विजांसकट गारा! युरोपीय मॉडेल दोन्ही दिवशी तिसरंच काहीतरी सांगत होतं. मग केप बघण्यात अर्थ आहे का? आणि विश्वास नक्की कोणत्या मॉडेलवर ठेवायचा?

वायुभार:
केप बघाच, पण त्याला त्याच्या कामापुरतंच विचारा. हवा एकदा पुरेशी वर उचलली गेली की पुढे किती जोराने चढेल, एवढंच तो सांगतो. मुळात ती उचलली जाईल का, यावर तो गप्प असतो. त्यासाठी सीआयएन बघायचा, म्हणजे चढण्याआधी हवेला जो अडथळा पार करावा लागतो त्याचा आकडा, तोही जूल प्रति किलोमध्येच.

तुम्ही लिहिलेली 'माथे विरायचे' ही खूण फार बोलकी आहे. दीड-दोन किलोमीटरवर उबदार, कोरडा थर पसरलेला असला की खालून आलेली हवा तिथे आजूबाजूपेक्षा थंड ठरते आणि अडते. जी थोडी वर घुसते तिच्यात बाजूची कोरडी हवा मिसळते आणि ढग विरतो. हे पातेल्यावरचं झाकण समजा. फुग्याने घेतलेली नोंद जगभर साधारण दिवसातून दोनदा, जागतिक वेळेनुसार ०० आणि १२ वाजता मिळते. तिच्या आलेखात ८५० ते ७०० हेक्टोपास्कल दाबाच्या (साधारण दीड ते तीन किलोमीटर उंचीच्या) दरम्यान तापमानाची रेघ उजवीकडे झुकलेली दिसते का बघा. सीआयएन पंचवीस-तीसच्या आत असेल तर नुसतं ऊनही पुरतं. शंभर-दीडशेच्या पुढे गेला तर उचलायला काहीतरी लागतं: डोंगरउतार, समुद्री वारे, दोन वाऱ्यांची गाठ किंवा जुन्या वादळातून खाली येऊन जमिनीलगत पसरलेला थंड झोत.

आणि झाकणाला नुसत्या शिव्या घालू नका. ते दिवसभर टिकलं तर खालची ऊब आणि ओलावा फुकट जात नाही. सूर्य कलताना फुटलं की मग जे होतं ते बघण्यासारखं असतं. काल रात्री तसंच झालं असेल असं नाही, पण आठ वाजताच्या गारा म्हटल्यावर मी आधी हेच तपासलं असतं.

ग्रिडबाहेरचा:
दुपारी एकच्या पावसाबद्दल. मॉडेल हवेचे चौकोन पाडून हिशोब करतं; जीएफएसची ही जाळी सुमारे १३ किलोमीटरची, युरोपीय मॉडेलची सुमारे ९. ढगातला वर जाणारा झोत काही किलोमीटर रुंद, म्हणजे तो जाळीतून निसटतो. मॉडेल मग ढग काढतच नाही, 'अशा हवेत साधारण एवढा पाऊस पडावा' असं सूत्र चालवतं. या सूत्रांची जुनी खोड म्हणजे पाऊस खूप लवकर, भर दुपारी सुरू करायचा आणि मोठ्या भागावर थोडा थोडा शिंपडायचा. खरी वादळं बहुतेकदा उशिरा उठतात आणि एकाच पट्ट्याला झोडपतात.

एक ते चार किलोमीटर जाळीची मॉडेलं झोत स्वतः मोजतात. वेळ आणि वादळाचा आकार सुधारतो, पण जागा पन्नासेक किलोमीटरने सहज चुकते. आपल्या ठिकाणावर बोट ठेवून तासागणिक आकडा वाचणं म्हणूनच व्यर्थ. सशुल्क अॅप घेतलं तरी मागे बहुधा हीच मॉडेलं असतात.

मूळ प्रश्नकर्ता:
म्हणजे संगणक आणखी मोठे झाले की प्रश्न सुटेल?

वायुभार:
पूर्ण नाही. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६९मध्येच दाखवलं होतं की लहान आकाराच्या घडामोडींत चूक फार झपाट्याने वाढते. क्युम्युलस (कापसाच्या ढिगांसारख्या) ढगांच्या आकारमानाला त्यांच्या हिशोबाने जेमतेम तासाभराची मुदत मिळते. जमिनीलगतचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते ते) एका अंशाने चुकला तरी केप काहीशे जूलांनी हलतो, आणि तेवढा अचूक दवबिंदू सगळीकडे मोजतंय कोण?

त्यामुळे 'कोणतं मॉडेल खरं' हा प्रश्नच सोडा. समूह अंदाज बघा. युरोपीय समूहात ५१ धावा असतात, म्हणजे तेच मॉडेल किंचित वेगळ्या सुरुवातींपासून ५१ वेळा चालवलेलं. त्यांतल्या वीसेक धावांत तुमच्या परिसरात पाऊस असेल, तर सकाळी एवढंच म्हणायचं की आज लक्ष ठेवू. दुपारनंतर मॉडेल बंद, उपग्रह आणि रडार सुरू. विरणाऱ्या वादळापासून दूर सरकणारी बारीक, फिकट रेघ रडारवर कधी कधी दिसते, तो थंड झोत. अशा दोन रेघा जिथे भिडतात तिथे नवीन ढग उठण्याची शक्यता बरीच.

मूळ प्रश्नकर्ता:
हे पटलं. शेवटचा प्रश्न: सीआयएन बघायला गेलो तर दोन-तीन प्रकार दिसतात, 'सरफेस बेस्ड' आणि 'मिक्स्ड लेयर' वगैरे. कोणता धरू?

ग्रिडबाहेरचा:
दुपारसाठी मिक्स्ड लेयर. त्यात जमिनीजवळच्या साधारण १०० हेक्टोपास्कल जाडीच्या थराची सरासरी घेतात, आणि ढगात चढणारी हवाही अशीच घुसळलेली असते. सरफेस बेस्डमध्ये अगदी जमिनीलगतची दमट हवा धरली जाते, म्हणून केप फुगतो. परवाचे ३००० त्यातलेच असावेत. त्याच वेळचा मिक्स्ड लेयर आकडा काढून इथे टाका, सोबत फुग्याचा आलेखही.