बेसबॉलमधील देशबदल: नियम आणि नैतिकता

फोंडेकर: आजोबांचा जन्म १९६१ पूर्वीच्या गोव्यातला, त्या आधारावर माझ्या आतेभावाने लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, आणि तेव्हापासून घरात ‘तो आता कोणाचा’ हा वाद चालू आहे. त्यामुळे अमेरिकी बेसबॉलपटू मार्कस स्ट्रोमनचे उदाहरण मला स्वस्थ बसू देत नाही. वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशोदेशींच्या संघांच्या स्पर्धेच्या २०१७ मधील अंतिम सामन्यात त्याने अमेरिकेकडून पिचिंग (चेंडूफेक) करताना प्वेर्तो रिकोला पहिल्या सहा डावांत एकही हिट (चेंडू टोलवून बेस गाठणे) मिळू दिला नाही, अमेरिका ८-० अशी जिंकली आणि तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२३ मध्ये मात्र तो आईच्या बाजूच्या नात्याने त्याच प्वेर्तो रिकोकडून खेळला. हे नियमात कसे बसते आणि ते योग्य मानावे का?

मांडवीकाठ: नियमात ते सहज बसते. या स्पर्धेसाठी पासपोर्ट हातात असावाच लागत नाही. त्या देशाचे नागरिकत्व मिळण्याची पात्रता असली, किंवा आईवडिलांपैकी एकाचा जन्म तिथला असला, तरी पुरते. जॉनी डेमन २००६ मध्ये अमेरिकेकडून खेळला आणि २०१२ च्या पात्रता फेरीत थायलंडकडून, कारण त्याची आई थाई आहे. पनामात जन्मलेला ब्रूस चेन आधी पनामाकडून खेळला, पुढे २०१७ मध्ये चीनकडून. माझ्या मते यात फितुरी नाही. आजोळ आणि घर ही दोन्ही खरी असतात, आणि स्ट्रोमनने ज्या संघाला हरवले त्याच संघात तो सन्मानाने घेतला गेला, याचा अर्थ तिथल्या लोकांनीही ते नाते मानले.

डिचोलकर: मी सहमत नाही. नात्याला किंमत मोजावी लागली तरच त्याला वजन येते. इयान किन्सलर २०१७ च्या विजेत्या अमेरिकी संघात होता, पण टोकियो ऑलिम्पिकमध्ये इस्राएलकडून खेळण्यासाठी त्याला तिथले नागरिकत्व घ्यावे लागले. आपल्याकडे तर अट आणखी कडक आहे: परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते आणि भारतीय संघाची दारेही बंद होतात. म्हणूनच वडील भारतीय असूनही फुटबॉलपटू अराता इझुमीला जपानी नागरिकत्व सोडल्यावरच, २०१३ मध्ये, भारताकडून खेळता आले. तो त्याग मला बेसबॉलमधल्या सोयीपेक्षा मोठा वाटतो.

मांडवीकाठ: त्याग मोठाच, परंतु तो कायद्याने लादलेला आहे. दोन्ही नागरिकत्वे ठेवण्याची मुभा असती, तर इझुमीची ओढ कमी खरी ठरली असती का?

फोंडेकर: दोघांचे आभार. आजोबांच्या जन्मदाखल्याची नक्कल माझ्यासमोर आहे. मजकूर पोर्तुगीज, पण नाव आणि गाव आमचेच. आतेभाऊ आजही दर चवथीला माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची सजावट) बांधायला हजर असतो. यंदा तो आला की ही चर्चा मी त्याला वाचायला देणार आहे, कारण या वादात आम्ही त्याचे म्हणणे कधी विचारलेच नाही.