हेड कोणी तपासतच नाही, मग साडेचार ताऱ्यांना अर्थ काय?

मोजपट्टी

व्हॅक्यूम क्लीनर घेताना लोक किलोपास्कल बघतात, वॉट बघतात आणि शेवटी तारे बघून निर्णय घेतात. माझं मत असं की या तिन्हींवरून यंत्र साफसफाई कशी करेल ते कळत नाही. केर उचलतं ते हेड, म्हणजे जमिनीवरून फिरणारा पुढचा भाग, आणि हेडबद्दल बहुतेक रिव्ह्यूंत "ब्रश छान आहे" यापलीकडे एक ओळही नसते.

आधी आकड्यांचं बघू. जाहिरातीतले किलोपास्कल हे हवेची वाट पूर्ण बंद करून मोजलेले असतात. त्या क्षणी प्रवाह शून्य, आणि शून्य प्रवाहात धुळीचा कण जागचा हलत नाही. वाट पूर्ण उघडी ठेवली तर प्रवाह कमाल, पण दाबातला फरक जवळपास संपलेला. काम होतं ते या दोन टोकांच्या मधे. किलोपास्कल गुणिले लिटर प्रति सेकंद म्हणजे थेट वॉट. समजा एका यंत्राची टोकं २४ किलोपास्कल आणि सेकंदाला ३६ लिटर अशी आहेत. गुणाकार ८६४ येतो, पण दाब आणि प्रवाह यांचा आलेख साधारण सरळ उतरतो असं धरलं तर प्रत्यक्ष मिळणारी कमाल शक्ती त्याच्या चौथाई, म्हणजे १२ किलोपास्कल आणि १८ लिटरला २१६ वॉट.

त्या आलेखावर यंत्र कुठे काम करणार हे हेडखालची फट ठरवते. २५ सेंमी रुंद हेडच्या बाजू बंद आहेत आणि पुढून-मागून ३ मिमी फट आहे असं धरा. १८ लिटर हवा तिथून आत येताना वेग सेकंदाला १२ मीटर होतो. फट ६ मिमी केली की प्रवाह थोडा वाढतो, पण वेग निम्म्याच्या जवळ येतो आणि बारीक धूळ फरशीवरच राहते. उलट फट फार कमी केली तर तांदळाच्या दाण्याएवढा कचरा आत शिरतच नाही, हेड तो पुढे ढकलत नेतं. म्हणूनच कठीण फरशीसाठी मऊ रोलरचं हेड निघालं: पुढचा भाग उघडा, रोलर स्वतःच कचरा आत ओढतो आणि फरशीला टेकून हवाही अडवतो. तेच हेड जाड गालिच्यावर कुचकामी ठरतं, कारण तंतूंच्या बुडात बसलेली वाळू नुसत्या ओढीने निघत नाही. तिला ताठ केसांच्या ब्रशने झटकून वर आणावं लागतं.

म्हणजे एकाच मॉडेलला फरशीवाला पाच तारे देतो, गालिचेवाला दोन, आणि त्यांची सरासरी दोघांपैकी कोणालाच लागू पडत नाही. कोणतं हेड कोणत्या जमिनीवर चालवलं हे न सांगणारा रिव्ह्यू वाचूच नये. प्रमाणित चाचणीचे आकडे धरावेत.

पाना_पक्कड

हवेचं गणित मान्य, निष्कर्ष मान्य नाही. प्रमाणित चाचणी होते ती कोऱ्या यंत्रावर. ब्रशचे केस ताठ, बेल्ट घट्ट, फिल्टर स्वच्छ. हेड बिघडतं ते पुढे, वापरात, आणि बहुतेक वेळा ठरलेल्या जागी.

सगळ्यात जास्त त्रास ब्रशरोलच्या, म्हणजे हेडमधल्या फिरत्या ब्रशच्या, टोकांचा. मधोमध गुंडाळलेले लांब केस दिसतात म्हणून लोक तेवढेच कापतात. टोकांकडे सरकलेले केस बेअरिंग आणि टोकावरचं टोपण यांच्या मधल्या फटीत शिरतात, तिथे त्यांचं घट्ट कडं तयार होतं, घर्षणाने प्लास्टिक तापतं आणि टोपण वितळून वाकडं होतं. मग रोल डगमगतो आणि बेल्ट एका कडेने झिजतो. बेल्टचं स्वतःचं दुखणं वेगळं. ब्रश अडला तरी मोटारीची पुली फिरत राहते, सपाट बेल्ट एकाच जागी घासून जळतो. रबर जळल्याचा वास येतो तो याचाच. दातेरी बेल्ट घसरत नाही. तिथे मोटारीचा विद्युतप्रवाह चढतो आणि सुरक्षा सर्किटने ब्रश बंद करायचा असतो. ते सर्किट उशिरा जागं झालं की बेल्टचे दाते जातात.

आणि हेडची मान, म्हणजे हेड आणि नळी जोडणारा वळता सांधा. मोटार असलेल्या हेडमध्ये तारा मानेतून जातात, दर वळणाला त्याच बिंदूवर पिळल्या जातात. आतलं तांबं तुटतं, वरचं आवरण शाबूत दिसतं. हेड एका कोनात धरलं की ब्रश फिरतो आणि दुसऱ्या कोनात थांबतो, हे त्याचं पक्कं लक्षण. मानेत लवचिक नळी असेल तर तिला चीर पडते, हवा तिथूनच आत येते आणि तळाशी ओढ उरत नाही.

युरोपच्या ६६६/२०१३ क्रमांकाच्या नियमात मोटारीला किमान ५०० तास आणि होजला (लवचिक लांब नळीला) ४०,००० वेळा वाकवण्याची अट घातली. हेडच्या मानेला तशी अट नाही. मग ही माहिती मिळणार कुठून? वापरणाऱ्यांच्या अभिप्रायांतूनच. पाच तारे आणि एक तारा सोडून द्या. दोन आणि तीन ताऱ्यांचे, निदान सहा महिने वापर झालेले अभिप्राय काढा आणि त्यांत "वास", "मधेच थांबतो", "हलवलं की चालतो", "टोपण" असे शब्द शोधा. एकच लक्षण वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आलं तर तो रचनेतला दोष समजा.

मोजपट्टी

पुन्हा पुन्हा म्हणजे किती? मानेबद्दल चाळीस तक्रारी दिसल्या आणि विकलेली यंत्रं किती ते माहीत नसेल, तर प्रमाण निघत नाही. जास्त खपणाऱ्या मॉडेलच्या तक्रारीही जास्तच दिसणार.

शिवाय लिहिणाऱ्याने लावलेलं निदान चुकीचं असू शकतं. हवेच्या टर्बाइनवर फिरणारा ब्रश घ्या. त्याला मोटार नसते, आत येणारी हवाच तो फिरवते. पिशवी भरली, फिल्टर चोंदला किंवा हेड जाड गालिच्यावर दाबलं की प्रवाह घटतो आणि ब्रश मंदावतो किंवा थांबतो. अभिप्रायात येतं, "तीन महिन्यांत ब्रश खराब झाला." प्रत्यक्षात फिल्टर धुऊन पूर्ण वाळवून बसवला असता तर ब्रश चालू झाला असता. असे अभिप्राय वाचून रचनेतला दोष ठरवणं धोक्याचं आहे.

अरुंधती_क

मोजपट्टी, प्रमाणित आकड्यांवर एवढा भरवसा ठेवू नये याचं उदाहरण त्याच आकड्यांत आहे. युरोपात १ सप्टेंबर २०१४ पासून व्हॅक्यूम क्लीनरवर ऊर्जा लेबल आलं. त्यावर गालिचा आणि कठीण फरशी यांचे वेगळे वर्ग होते, म्हणजे तुम्ही मागता तशी जमीननिहाय माहिती होती. पण चाचणी रिकाम्या पिशवीवर किंवा रिकाम्या डब्यावर होत असे. व्हॅक्यूम क्लीनर बनवणाऱ्या डायसन कंपनीने याला न्यायालयात आव्हान दिलं. युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने ८ नोव्हेंबर २०१८ रोजी, प्रत्यक्ष वापराच्या शक्य तितक्या जवळच्या परिस्थितीत मोजमाप व्हायला हवं होतं असं म्हणत तो लेबलचा नियम रद्द केला, आणि जानेवारी २०१९ मध्ये लेबल गेलं. म्हणजे चार वर्षं लोकांनी सरकारी शिक्क्याचे आकडे पाहून खरेदी केली आणि ते आकडे रिकाम्या डब्याचे होते.

हेडच्या रचनेवर त्या लेबलचा परिणाम काय झाला तेही बघा. कठीण फरशीला पहिला वर्ग मिळवायला धूळ उचलण्याचं प्रमाण १.११ लागे. १११ टक्के कसे? चाचणीच्या फळीत एक खाच असते आणि धूळ त्या खाचेत भरलेली असते. घट्ट बसणारं हेड स्वतःच्या रुंदीबाहेरच्या खाचेतूनही धूळ ओढतं, आणि ती धरल्याने आकडा शंभराच्या वर जातो. साहजिकच चारी बाजूंनी पट्ट्या लावून फरशीला चिकटणाऱ्या हेडला गुण जास्त. आणि तुम्हीच वर लिहिलंत तसं, फट कमी असलेलं हेड दाणेदार कचरा पुढे ढकलतं. चाचणीत दाणेदार कचरा नव्हताच.

गालिच्याच्या चाचण्यांचंही तसंच. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या पद्धतीत विल्टन नावाच्या विणीच्या गालिच्यावर चौरस मीटरला १२५ ग्रॅम खनिज धूळ पसरतात आणि सेकंदाला अर्ध्या मीटरच्या वेगाने पाच वेळा हेड पुढे-मागे नेतात. एएसटीएम एफ ६०८ या अमेरिकी मानकात १०० ग्रॅम मिश्रण असतं, ९० टक्के सिलिका वाळू आणि १० टक्के टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची भुकटी. या मुख्य आकड्यांत केस नाहीत, धागे नाहीत. पाना_पक्कड सांगतात तो बिघाड सुरू होतो केसांपासून.

निळाई

व्हिडिओ करणारे परीक्षक या वादात कुठेच आले नाहीत. केस, तृणधान्य, वाळू हे सगळं ते टाकून दाखवतात. नीट केलेली घरगुती चाचणी मला लेबलपेक्षा जास्त भरवशाची वाटते, फक्त ती नीट केली आहे का हे ओळखता आलं पाहिजे.

पहिली खूण वजनकाटा. एक ग्रॅमपर्यंतच दाखवणाऱ्या काट्यावर २० ग्रॅम मीठ मोजलं तर एका ग्रॅमचा फरक म्हणजे ५ टक्के. असा परीक्षक "९८ विरुद्ध ९६ टक्के" सांगत असेल तर त्या फरकाला काही अर्थ नाही. काटा ०.१ ग्रॅमचा हवा किंवा नमुना १०० ग्रॅमच्या वर हवा. दुसरी, वजन कशाचं केलं. फक्त डबा तोलला तर फिल्टरवर आणि नळीत बसलेली बारीक धूळ हिशेबातून सुटते. यंत्राला कमी गुण मिळतात. गालिचा आधी-नंतर तोलणं बरं, पण गालिचा हवेतली ओल धरतो, त्यामुळे दोन्ही वजनं एकाच खोलीत, थोड्या वेळाच्या अंतराने व्हायला हवीत.

तिसरी, एका फेरीत किती उचललं ते वेगळं दाखवलं का. दहा वेळा हेड फिरवलं की साधारण हेडही फरशी स्वच्छ करतं. भिंतीलगतही पाहा. बेल्टची बाजू आणि बेअरिंगची जागा यांमुळे ब्रश हेडच्या दोन्ही टोकांपर्यंत पोचत नाही, दोन्हीकडे सारखीच पट्टी सुटते असंही नाही. परीक्षकाने दोन्ही कडा दाखवल्या पाहिजेत.

आणि शक्तीची पातळी. बॅटरीवरच्या यंत्रात ऑटो मोड ब्रशच्या मोटारीवरचा भार बघून ओढ वाढवतो. चाचणी कमाल पातळीवर आणि बॅटरी किती वेळ टिकते ते किमान पातळीवर, असं एकाच व्हिडिओत असेल तर तो व्हिडिओ बंद करावा.

पाना_पक्कड

निळाई, चाचणी कितीही नीट असली तरी ती एका दिवसाची. फुकट मिळालेलं यंत्र, दुवा दाबून खरेदी झाली की कमिशन, आणि पुढच्या आठवड्यात दुसरं यंत्र. एक वर्षाने तेच हेड उघडून दाखवणारे फार थोडे.

ग्राहकांच्या अभिप्रायांतही घाण आहे, ते नाकारत नाही. जुन्या वस्तूच्या पानावर नवी वस्तू चढवून तिचे तारे वापरले जातात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये अशा प्रकाराबद्दल एका पूरक आहाराच्या कंपनीवर कारवाई केली. ऑक्टोबर २०२४ पासून खोट्या अभिप्रायांवर बंदीचा नियमही आला, पण वस्तू बदलून अभिप्राय वापरण्याबद्दलची तरतूद अंतिम नियमातून वगळली. म्हणून मी तारे बघत नाही, फोटो बघतो. हेड उलटं धरलेला, वापरलेला फोटो. टोपण नाण्याने किंवा साध्या स्क्रूने निघतं का? केस बेअरिंगच्या बाहेर साठायला जागा ठेवली आहे का? मागची चाकं कठीण प्लास्टिकची आहेत की रबराची पट्टी आहे? कठीण चाकात वाळूचा कण रुतला तर गुळगुळीत फरशीवर ओरखडे निश्चित. बेल्ट आणि रोल सुटे मिळतात की पूर्ण हेडच घ्यावं लागतं?

मोजपट्टी

हे प्रश्न उत्तम आहेत, पण यांतल्या एकाही प्रश्नाच्या उत्तरासाठी अभिप्राय लागत नाहीत. उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेतल्या सुट्या भागांच्या आकृतीत टोपण, बेल्ट आणि चाकं बहुधा दिसतात. आणि उलट्या हेडच्या फोटोवरून गालिच्यातली वाळू किती निघेल ते समजत नाही. त्यासाठी वाळू पसरून तोलावीच लागेल, अर्धा भरलेला डबा लावून. भरलेल्या डब्याची पद्धत अरुंधतींना मान्य असेल तर माझी तक्रार उरत नाही.

अरुंधती_क

अर्धा भरलेला डबा आणि रोलवर गुंडाळलेले केस, दोन्ही. केसांशिवाय नाही.