प्रतिसाद: आधी थिअरी की आधी लॅब?
केमिस्ट्री शिकताना आधी सगळी थिअरी संपवा मग लॅबकडे वळा, असं काही जण म्हणतात, ते मला नाही पटत. लॅबची आवड असेल तर मोल कन्सेप्ट (पदार्थाचे कण मोलमध्ये मोजायची पद्धत) आणि मोलॅरिटी (लिटरभर सोल्युशनमध्ये किती मोल पदार्थ आहे ते) एवढं पक्कं करा आणि थेट टायट्रेशनला (एक सोल्युशन दुसऱ्यात थेंबथेंब घालून, त्यातल्या एकाची माहीत नसलेली स्ट्रेंग्थ काढणं) लागा, कारण त्यात बाकीचं बरंचसं आपोआप येतं. म्हणजे बघा, ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड करायचं तर लिटरला ४ ग्रॅम, हिशोब सोपा, पण ते हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं त्यामुळे वजनावर भरवसा ठेवता येत नाही, मग नेमकी स्ट्रेंग्थ माहीत असलेल्या ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या सोल्युशनशी ताडून त्याची खरी स्ट्रेंग्थ काढावी लागते. हे "का" कळलं ना की थिअरी वाचायला मजा येते! ब्युरेटचं (खाली तोटी असलेल्या, मापाच्या खुणांच्या काचेच्या नळीचं) रीडिंग डोळा पातळीला आणून, द्रवाच्या पृष्ठभागाच्या खालच्या वक्राला घ्यायचं. फिनॉल्फ्थॅलिनचा (रंग बदलून टायट्रेशन संपल्याचं दाखवणाऱ्या इंडिकेटरचा) रंग अगदी फिकट गुलाबी होऊन अर्धा मिनिट टिकला की थांबा, गडद झाला तर सोडियम हायड्रॉक्साइड जास्त पडलं.

आणि गॉगल कायम डोळ्यावर, अ‍ॅसिड नेहमी पाण्यात हळूहळू ओतायचं, उलटं कधीच नाही. रीडिंग लगेच वहीत, पेनने. सुट्या कागदावर तर अजिबात नको.