कोकऱ्याचं लग्न आणि मिरजेतलं वेळापत्रक

कृष्णाकाठ: आमच्या मिरजेच्या प्रार्थना गटावर परवा एक पोस्ट फिरली. गालीलात म्हणे वर मध्यरात्री यायचा, वधूला पालखीत उचलून न्यायचा, सात दिवस दोघं खोलीत. तसाच ख्रिस्त हा वर, मंडळी म्हणजे चर्च ही वधू, म्हणून ती आधी स्वर्गात उचलली जाणार, मागे उरलेल्यांना सात वर्षं महासंकट, आणि आता फार दिवस नाहीत. खाली आमेनची रांग.

बायबलातल्या लग्नाच्या दाखल्यांतून, म्हणजे दृष्टांतांतून, पंचांग काढायचं हे कुणी शिकवलं? मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात वधूला तयारीसाठी बारा महिन्यांची मुदत आहे, पण मिश्ना संकलित झाली ती इसवी सन २०० च्या सुमारास, येशूच्या बऱ्याच नंतर. त्या पोस्टीत सगळं असं लिहिलंय, जणू लेखक येशू गेला होता त्या काना गावच्या लग्नात वाढपी होता. बरं, चित्र तरी एक आहे का? मत्तय २२ मध्ये आपण पाहुणे, २५ मध्ये दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या करवल्या, प्रकटीकरण १९ मध्ये कोकऱ्याची, म्हणजे ख्रिस्ताची, वधू, आणि त्याच अध्यायात जेवणाला बोलावलेले धन्य! २१ व्या अध्यायात तर वधू म्हणजे नवं यरुशलेम, अख्खं शहर. यातून सात वर्षं मोजणार कशी?

तासगावचा_मेंढपाळ: ती पोस्ट मीच पुढे पाठवली होती, तेव्हा टोमणा पोचला. १ थेस्सलनीकाकरांस ४:१७ वाचा. मेघारूढ होऊन प्रभूला सामोरं जायचंय. हे काय मी लिहिलं?

कृष्णाकाठ: सामोरं जायचंय, बरोबर. मत्तय २५ मध्येही दहाजणी सामोऱ्या जातात, आणि मग दिव्यांना तेल असलेल्या पाच शहाण्या वराबरोबर कुठं जातात? लग्नघरी, आत. आपल्याकडं सीमांतपूजनाला वेशीवर जातात ते वराला वाजतगाजत मांडवात आणायला. त्याच्याबरोबर गाव सोडून पळायला नाही. संकटाआधी सुटका ही मांडणी रुजवली जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकांनी, १८३० च्या दशकात. १९०९ च्या स्कोफिल्ड यांच्या टीपांसहित बायबलनं ती घरोघर नेली.

तासगावचा_मेंढपाळ: उशिरा उमगलं म्हणून खोटं? विश्वासानं नीतिमान ठरणं ल्यूथरला तरी कधी उमगलं?

जयसिंगपूरची_सून: तुमचं चालू द्या. मला एक सांगा, त्या दाखल्यात उशीर कुणी केला? वरानं! २५:५ मध्ये सरळ लिहिलंय. झोपल्या दहाहीजणी, शहाण्यासुद्धा. दार बंद झालं ते मात्र पोरींच्या तोंडावर. माझ्या लग्नात उपासना अकराची, वरात डीजेपुढं नाचत पाऊण वाजता आली. पास्टर घड्याळ बघतायत, माझे वडील सगळ्यांची माफी मागतायत. भात गार झाला म्हणून बोलणी कुणी खाल्ली? आम्हीच.

पलूस_एक्स्प्रेस: ताई, उशीर फक्त वरपक्षच करतो का? आमची नवरी पार्लरमधून निघेना, आम्ही चर्चच्या दारात उन्हात उभे. त्याबद्दल कोण लिहिणार?

जयसिंगपूरची_सून: उन्हात उभे होता, नाचत नव्हता ना? मग तुम्हाला पावणेदोन तास काय कळणार.

पलूस_एक्स्प्रेस: आमच्याकडं डीजे नव्हताच, बेंजो होता. आणि त्याचे पैसे कुणी भरले ते विचारा आधी!

जयसिंगपूरची_सून: बेंजो म्हणजे उपकार केलेत. तुमच्यासारख्यांमुळंच उपासना संपायच्या आधी पंगत बसते.

कृष्णाकाठ: अहो, विषय काय, चाललंय काय?

सातारारोड: मी साताऱ्याचा. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी शेवटच्या काळात इथं राहून ‘देवाचा दरबार’ हा भक्तांचा मेळा मांडला, त्यांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं. कोकरा, वर, माउली, सगळं एकाच प्रभूला. भक्ती असं बोलतेच, प्रत्येक ओळीला पुरावा मागू नये. माझ्या आजीनं लग्नाची पांढरी साडी ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवली होती. ‘वराकडं जाताना हीच नेसवा.’ दफनाच्या दिवशी ब्लाउज अंगात जाईना. मावशीनं तो मागून कात्रीनं उभा फाडला, हात घातले आणि वरून पदर नीट केला. तिला डार्बी ठाऊक नव्हता, मिश्नाही नाही. तिचं चुकलं म्हणाल?

कृष्णाकाठ: आजींना कोण चूक म्हणतंय? त्यांनी साडी ठेवली, तारीख नाही. माझ्या आतेभावानं असल्याच एका प्रवचनानंतर पोरीची फी भरली नाही. ‘तोवर आपण इथं कुठं असणार?’ पोरीचं वर्ष गेलं. प्रवचनकार पुढच्या गावाला गेले.

तासगावचा_मेंढपाळ: आम्ही तारीख दिली नव्हती.

कृष्णाकाठ: ‘फार दिवस नाहीत’ म्हणजे काय मग?

तासगावचा_मेंढपाळ: जागे राहा, एवढंच. २५:१३. तुम्ही तर झोपायचा परवाना वाटताय. तेल भरून ठेवा म्हटलं की लगेच डार्बी, स्कोफिल्ड! चेष्टा करणारे येतील हेही लिहून ठेवलंय, पेत्राचं दुसरं पत्र काढा.

कृष्णाकाठ: तेल भराच. तेही काय ते प्रकटीकरण १९:८ मध्ये पाहा: वधूचं तागाचं वस्त्र म्हणजे पवित्र जनांची नीतिकृत्यं. पोरीची फी भरणं मी त्यात धरतो. सात दिवसांची खोली कुठल्या अध्यायात आहे, हे अजून कुणी दाखवलं नाही.

तासगावचा_मेंढपाळ: खोलीचं बघतो. सीमांतपूजनाचं तेवढं गटावर टाकतो, बरं लिहिलंय. तुमचं नाव घालत नाही, नाहीतर कुणी वाचायचं नाही.

पलूस_एक्स्प्रेस: बेंजोचे पैसे मुलीकडच्यांनी अजून दिले नाहीत.